लोकमान्य नगरचा 'शाळा स्टाफ' कॉम्प्युटर क्लास : पैसे वसूल, फक्त जिन्याची तयारी ठेवा

शाळेत नोकरी करताय, रिटायरमेंट लांबून दिसायला लागलीये पण अजून आलेली नाहीये, आणि दर वेळी ऑफिसातल्या नव्या पोराला "जरा एवढं करून दे ना रे" म्हणायचा कंटाळा आलाय, तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी. बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही.

क्लास इंदूरला लोकमान्य नगरात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. नाव लिहीत नाहीये कारण धड बोर्डच नाही, गेटला लॅमिनेट केलेला एक कागद बांधलाय, 'शाळा स्टाफ बॅच, रविवार', बस. शिकवणाऱ्या मॅडमचं म्हणणं की मशीन मोजकी आहेत, जाहिरात केली तर लोकांना बसवू कुठे. त्यामुळे सगळं तोंडी चालतं. मला आमच्या लॅब असिस्टंटनी सांगितलं, त्यांना त्यांच्या भाचेसुनेनी.

मी एका खासगी शाळेत ऑफिसला आहे, बरीच वर्षं. अॅडमिशन, स्कॉलर रजिस्टर म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, टीसी, फी, जे कुणाचं नाही ते सगळं माझं. पूर्वी यूडायस, म्हणजे सरकारची शाळांची माहिती गोळा करायची यंत्रणा, तिच्यात वर्षातून एकदा शाळेचे एकत्र आकडे भरायचे, मुलं किती, मुली किती, खोल्या किती, नळ किती, संपलं. २०२२-२३ पासून ते विद्यार्थीनिहाय झालं, म्हणजे एकेका पोराचं नाव, जन्मतारीख, आईवडील सगळं वेगवेगळं. वर अपार आयडी आला, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, बारा आकडी, त्याला पालकांचं संमतिपत्र हवं आणि आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळायला हवं. आमच्या मध्य प्रदेशात समग्र हा राज्य सरकारचा आयडी तर आधीपासूनच आहे, माणसाचा नऊ आकडी आणि कुटुंबाचा आठ आकडी. एका पोरामागे किती नंबर झाले बघा, आणि हे सगळं ज्या बाईनं रजिस्टरमध्ये शाईनं लिहून नोकरीचं पहिलं अर्धं काढलं तिनं आता एक्सेलमध्ये करायचं. करतेच आहे म्हणा, पण भीत भीत.

आता क्लासची मुख्य गोष्ट. कॉम्प्युटर क्लास म्हटला की पहिल्या दिवशी 'सीपीयू म्हणजे मेंदू', मग पेंटमध्ये डोंगर आणि सूर्य, मग नोटपॅड, आणि एक्सेल उघडेपर्यंत निम्मी बॅच गळालेली. इथे नाव लिहून घेतानाच मॅडम विचारतात, शाळेत असं कुठलं काम आहे जे तुम्ही दुसऱ्याकडून करून घेता? तेच घेऊन या. झालं, सिलॅबस तिथेच ठरला. आमच्या बॅचला पीटीचे सर होते, त्यांना स्पोर्ट्स डेचे हाऊसवार पॉइंट्स आपोआप बेरीज होऊन हवे होते कारण दर वर्षी ब्लू हाऊसवाले भांडतात. संस्कृतच्या मॅडम होत्या, त्यांचे प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे जुन्या फाँटमध्ये अडकलेले. लॅब असिस्टंटचं स्टॉक रजिस्टर. दुसऱ्या एका शाळेतले शिपाई होते, त्यांना सगळे भैयाच म्हणायचे, त्यांचं काम स्कॅनिंग. आणि मी, माझ्या पोरांच्या याद्या घेऊन.

घेऊन म्हणजे, गोष्ट अशी की खऱ्या याद्या आणायला बंदी आहे. पहिला धडा तोच. शाळेच्या फाईलची कॉपी करायची, तिच्यातली नावं बदलायची, आधारचे आकडे खोटे टाकायचे, कॉलम मात्र तसेच ठेवायचे, मग ती कॉपी पेनड्राइव्हवर. मला आधी हे फाजील वाटलं, आपली शाळा आपल्या याद्या, कोण बघतंय. पण २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा अठराच्या खालच्या मुलांच्या माहितीबद्दल पालकांच्या संमतीची बात करतो आणि आपण त्याच पोरांचे आधार नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ताई हे बघा ना चालत नाहीये' म्हणून फोटो काढून टाकतो, हे मॅडमनी शांतपणे समोर मांडलं तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही.

दुसरं म्हणजे माऊस. शिकणाऱ्याच्या माऊसला मॅडम हात लावत नाहीत, कधीच नाही. मागे उभ्या राहतात, हात पाठीशी बांधून, आणि फक्त तोंडानं सांगतात. तुम्ही भलतीकडे क्लिक करताय हे त्यांना दिसत असतं तरी थांबतात, मग विचारतात, "काकू, आता काय झालं असं वाटतंय?" हे ऐकायला छोटं वाटतं, पण घरी काय होतं आठवा, मुलगा "आण इकडे" म्हणून फोन ओढतो, चारदा बोट फिरवतो, "झालं बघ", काय झालं ते त्यालाच माहीत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याच मागे फिरायचं. शाळेतही तेच, तरुण टीचर येते, दोन मिनिटांत करून देते, चांगल्या मनानंच करते बिचारी, पण आपण तिथल्या तिथेच राहतो ना. माझं स्पष्ट मत आहे की आमच्या वयाच्या स्टाफला टेक्नॉलॉजी येत नाही त्यातलं निम्मं कारण हे मदत करणारे हात आहेत. उरलेलं निम्मं म्हणजे भीती, की काहीतरी दाबलं जाईल, सगळं उडेल आणि प्रिन्सिपल सरांपुढे उभं राहायला लागेल. म्हणून इथे सगळ्यात आधी कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं परत फिरवणं, शिकवतात. तेही कसं, तर मुद्दाम अख्खा कॉलम उडवायला लावतात. उडवा. आता परत आणा. पुन्हा उडवा. लॅब असिस्टंट इतक्या खूश झाल्या की उडवतच बसल्या.

आता एक नमुना नीट सांगते, म्हणजे शिकवण्याची जात कळेल. माझ्या यादीत जन्मतारखांचा कॉलम होता. त्यातल्या काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे, मला वाटायचं हे दिसण्याचं काहीतरी असेल, सेंटर केलं की झालं. मॅडमनी सेंटर करू दिलं नाही. म्हणाल्या, डावीकडच्या फक्त वाचा. वाचल्या. पंचवीस ऑगस्ट, एकोणीस मार्च, तीस जून. आता उजवीकडच्या. पाच, आठ, अकरा, बारा... आणि मग माझ्याच लक्षात आलं की डावीकडे सगळे बाराच्या पुढचे दिवस आहेत. त्या मशीनची तारखेची सेटिंग अमेरिकन होती, आधी महिना मग दिवस. ०५/०८/२०१४ लिहिलं की ते पाच ऑगस्ट न समजता आठ मे समजतं आणि गुपचूप तारीख म्हणून उजवीकडे ठेवून देतं, तर २५/०८/२०१४ लिहिलं की पंचविसावा महिना सापडत नाही म्हणून साधा मजकूर समजून डावीकडे सोडून देतं. म्हणजे विचित्र दिसणाऱ्या तारखा बरोबर होत्या आणि ज्या नीटनेटक्या बसल्या होत्या त्यांचेच दिवस-महिने उलटे झालेले. पोराची जन्मतारीख आधारशी जुळत नाही म्हणून आईवडिलांना हेलपाटे घालायला लावतो आपण, आणि घोळ निघतो असा. उपाय पण माझ्याच हातानं करून घेतला, कंट्रोल पॅनलमध्ये रीजन इंडिया, मूळ कागदावरून तो कॉलम आधी टेक्स्ट करून पुन्हा भरायचा, मग डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, तिसऱ्या पायरीवर डेट आणि शेजारी डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. हे मी आता झोपेतही सांगेन.

तसंच नंबरांचं. बारा आकडी नंबर साध्या सेलमध्ये टाकला की एक्सेल मध्येच पॉइंट आणि ई असलेलं काहीतरी दाखवतं, ते बघून घाबरायचं नाही, आकडे आत शाबूत असतात, फॉरमॅट बदलला की दिसतात. पण पंधराच्या वर आकडे गेले, स्कॉलरशिपच्या एखाद्या बँक खात्याचे वगैरे, तर सोळाव्यापासून पुढे शून्यं होतात आणि ती मात्र परत येत नाहीत. सुरुवातीला शून्य असेल तर तेही खातं. म्हणून कॉलम आधीच टेक्स्ट करायचा, नाहीतर नंबराआधी सिंगल कोट. शेजारच्या कॉलमला लेन फंक्शन लावायचं, ते किती आकडे आहेत ते मोजतं, समग्रला नऊ येतात का बघायचं, आठ आले की पोराचा नाही, कुटुंबाचा आयडी भरलाय. हे एवढंसं कळायला इतकी वर्षं का लागावीत सांगा.

संस्कृतच्या मॅडमचं प्रकरण वेगळं होतं. इकडे सगळ्या ऑफिसांत कृतिदेव नावाचा जुना हिंदी फाँट चालतो हे माहीतच असेल. आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना फक्त देवनागरीचे मुखवटे चढवलेले, म्हणून ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही त्याला प्रश्नपत्रिका पाठवली की समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यांना युनिकोडवर आणलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर देवनागरी देवनागरीच दिसते, आणि त्यात टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क च्या बटणावर शिफ्ट धरलं की ख, ग वर शिफ्ट की घ. संस्कृतवाल्या माणसाला हे काय आवडलं म्हणून सांगू, "अगं हे तर अल्पप्राण-महाप्राण लावून ठेवलेत!" असं ओरडल्याच त्या. आणि ल च्याच बटणावर शिफ्ट धरलं की ळ. हे ऐकून मी वही काढली, कारण इंदूरच्या मराठी घरांमधले सगळे काळे आमच्या रेकॉर्डला काले आहेत, टंकणाऱ्याला ळ सापडला नाही की ल मारून मोकळा, मग कोणाचं आधार एक, टीसी दुसरी. जुन्या फायली कन्व्हर्टरमधून काढल्या, तरी हाताने बघायला लागतातच, जोडाक्षरं आणि रफार कधी कधी गडबडतात.

भैयांबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. बॅचमध्ये सगळ्यात पटकन तेच शिकले. फोननं कागद स्कॅन करणं, कडा सरळ करणं, चार पानांची एक पीडीएफ करणं, फोटो ५० केबीच्या आत बसवणं. त्यांनी स्वतःचीच शिस्त काढली की फाईलला 'स्कॅन १' नाव द्यायचं नाही, वर्ग आणि स्कॉलर नंबर लिहायचा. आता त्यांच्या शाळेत म्हणे टीचर लोक त्यांच्याकडे फोन घेऊन येतात आणि ते मॅडमसारखेच हात पाठीशी बांधून "आप कीजिए" म्हणतात.

यावरून एक मुद्दा, जरा वेगळा आहे पण लिहिते. शिक्षकांसाठी ट्रेनिंगची सोय पुष्कळ आहे. सरकारचं दीक्षा पोर्टल २०१७ पासून आहे, निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्सेस २०२० पासून ऑनलाइन झाले, २०२०च्या शिक्षण धोरणात तर शिक्षकांनी वर्षाला किमान पन्नास तास शिकत राहावं असं लिहूनच ठेवलंय, मुख्याध्यापकांसाठीही. सामग्री चांगली असते, मी डोकावून बघितलंय. पण स्टाफरूममध्ये ते घेतलं कसं जातं हे आपल्याला माहितीये, मोबाईलवर व्हिडिओ चालू, समोर वह्या तपासणं चालू, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आलेली, सर्टिफिकेट फाईलला. दोष पोर्टलचा नाही, आपला आहे आणि थोडा वेळापत्रकाचा. आणि क्लार्क, लायब्ररीवाल्या, लॅबवाले, शिपाई यांचा त्या पन्नास तासांत कुठे हिशोबच नाही, खरं तर शाळेचं निम्मं ऑनलाइन काम यांच्याच टेबलावर येऊन पडतं. म्हणून हा क्लास 'शिक्षक बॅच' न म्हणता 'स्टाफ बॅच' म्हणतो याचे माझ्याकडून जास्तीचे मार्क.

घरी सरावासाठी मॅडमनी आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल सांगितले, फुकट आहेत, मराठीतही आहेत, लिब्रे ऑफिसपासून सुरू करा म्हणाल्या. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, ऐका, थांबवा, करा. मला ते रात्री जेवणं आटोपल्यावर बरं पडतं, कारण व्हिडिओ दहादा मागे नेला तरी तो चिडत नाही.

एआयचा रविवार बॅचच्या शेवटी असतो आणि तो बॅचला सगळ्यात जास्त आवडला, मला मात्र निम्माच. नोटीस लिहून घेणं, इंग्रजी पत्र सुधारून घेणं, पालकसभेचं निमंत्रण हिंदी-इंग्रजी दोन्हीत करून घेणं, हे झकास होतं, माझा रोजचा तासभर वाचतो. पण इतिहासाच्या एका मॅडमनी गंमत म्हणून अहिल्यादेवींवर दहा प्रश्न उत्तरांसकट मागितले, तर त्यात राजधानी इंदूर! इंदूरच्या शाळेत बसून हे वाचतोय आम्ही. महेश्वर हो, महेश्वर. बाकीची उत्तरं इतकी ठाम आणि गुळगुळीत होती की एखाद्या नव्या टीचरनं तशीच फळ्यावर उतरवली असती. क्लासच्या मॅडमनी लगेच त्याचाच धडा केला, की जे तुम्हाला आधीच येतं तेच याच्याकडून लिहून घ्या, म्हणजे चूक पकडता येईल. मुद्दा पटला. पण एवढा मोठा विषय एका बैठकीत उरकला, ते काही पटलं नाही. याला निदान तीन-चार रविवार द्यायला हवेत आणि तसं मी त्यांना सांगितलं.

आता तक्रारी. जिना अरुंद आहे, उंच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. शाळेचा जुना स्टाफ म्हणजे गुडघे आलेच, हे क्लास काढणाऱ्याला सुचायला हवं होतं. लाईट गेली की सगळं ठप्प, इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो, मग गप्पा. गप्पा चांगल्या होतात, पण फी गप्पांची नाही. मशीनवर अजून विंडोज १० आहे, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आम्हाला सेफ्टीवर लेक्चर देणाऱ्या क्लासनं आपलं घर आधी बघावं. नोट्स झेरॉक्सची झेरॉक्स, खालच्या दोन ओळी गायब. गुगल शीट्स फक्त लांबून दाखवतात, उलट शाळांमध्ये हल्ली सगळे एकाच शीटवर एकदम भरत असतात आणि गोंधळ तिथेच होतो, ते आधी शिकवा. आणि वेग. पीटीच्या सरांचं काम लवकर झालं, त्यानंतर ते खिडकीत उभे राहून खालच्या पोह्यांच्या ठेल्याकडे बघत असायचे. दोन लेव्हल करायला हव्यात.

व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तो चांगला चालतो. गुड मॉर्निंगची फुलं टाकली की मॅडम डिलीट करायला लावतात, त्यामुळे प्रश्न वर राहतात. रात्री विचारलं तर उत्तर सकाळी येतं, फोन करायचा नाही. काहींना हे तुसडं वाटलं, मला बरोबर वाटलं.

फी पूर्ण बॅचची १,८०० रुपये, साधारण दोन महिने, रविवारी सकाळी. शिपाई, आया, ड्रायव्हर यांच्याकडून निम्मी घेतात, पावती पूर्ण शिकवणीची. एकाच शाळेतून दोघं आलात तरी सवलत नाही, मी विचारून बघितलं. लॅपटॉप घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे क्लास लावला म्हणून लगेच जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटात धावू नका, आधी शाळेच्या मशीनवर हात बसू द्या, मग काय लागतं ते तुमचं तुम्हालाच कळेल आणि दुकानदार काहीही गळ्यात मारू शकणार नाही.

माझे पाचपैकी चार. एक जिन्याचा, विंडोजचा आणि झेरॉक्सचा मिळून कापला.

कधी जायचं तर एप्रिल टाळा, नवीन सेशन एक तारखेला सुरू होतं आणि ऑफिसवाल्यांना अॅडमिशनच्या गर्दीत मान वर करायला फुरसत नसते. मेच्या सुट्टीतली बॅच बरी, फक्त ऊन्हाची वेळ टाळून पहिल्या स्लॉटला नाव द्या, वरची खोली पत्र्याखाली नाहीये पण गच्ची लागूनच आहे, अकरानंतर तापते. जाताना चष्मा वाचायचा न्या, लांबचा नको. आणि फाईलची कॉपी घरूनच करून न्या, नावं-आकडे बदलून, नाहीतर पहिला अख्खा तास त्यातच जातो, आमचा गेला.